कासवांची मोजणी कोणी केली?

ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदी बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळच्या काही किलोमीटर वाळूवर फेब्रुवारी २०२५ मध्ये जवळपास सात लाख ऑलिव्ह रिडले कासवांनी अंडी घातल्याची बातमी देशभर छापून आली. काही दैनिकांनी आकडा थेट एककापर्यंत दिला. बातमी आनंदाची होती आणि ती आनंदाने वाचलीही गेली. परंतु ज्याची उमेदीची वर्षे भौतिकशास्त्रातील मोजमापांत गेली आहेत, त्याला असा आकडा दिसताच पहिला प्रश्न पडतो तो असा : हे मोजले कोणी, आणि कसे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काळोख्या किनाऱ्यावर एकाच वेळी हजारो माद्या पाण्यातून वर येतात, वाळू उकरतात, अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परततात. त्या परतत असतानाच दुसऱ्या हजारो वर चढत असतात. ‘आगमन’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून या सामूहिक विणीला ‘अरिबाडा’ म्हणतात. ती अनेक रात्री चालते. प्रत्येक मादीवर खूण करणे अशक्यच. म्हणून किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर, पाण्याच्या रेषेपासून वाळूच्या वरच्या कडेपर्यंत, अरुंद पट्टे आखले जातात. दर काही वेळाने मोजणारे त्या पट्ट्यांतून चालत जातात आणि त्या क्षणी प्रत्यक्ष अंडी घालत असलेल्या माद्याच तेवढ्या मोजतात. चालणारी, खणणारी, माती लोटणारी कासवे सोडून द्यायची.

यामागचे गणित रांगांच्या सिद्धांताशी परिचय असलेल्यांना लगेच ओळखू येईल. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक सुंदर नियम आहे. एखाद्या जागी एका वेळी सरासरी जितके जण असतात, ती संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. बँकेतल्या रांगेला तो लागू पडतो, तसा कासवांनाही. समजा, आपले पट्टे किनाऱ्याचा पन्नासावा भाग व्यापतात आणि दर फेरीत त्यांत सरासरी ४० माद्या अंडी घालताना दिसतात. म्हणजे साऱ्या किनाऱ्यावर एका क्षणी २,०००. अंडी घालण्याचा टप्पा १५ मिनिटांचा धरला, तर सहा तासांत अशा २४ पाळ्या होतात, आणि रात्रीची बेरीज होते ४८,०००. आता हाच टप्पा १५ ऐवजी १२ मिनिटांचा निघाला तर? बेरीज एकदम ६०,००० वर जाते. तीन मिनिटांच्या चुकीने बारा हजार कासवे जन्माला येतात. एककापर्यंत छापलेल्या आकड्यांकडे पाहून माझ्यासारख्याला हसू येते ते यामुळे.

या साऱ्या हिशेबाचा पाया एकाच गोष्टीवर आहे : काळोखात, मंद तांबड्या उजेडात, पाठीमागून पाहून ‘ही खणते आहे’ की ‘ही घालते आहे’ हे अचूक सांगणारी नजर. ही नजर उपकरणातून मिळत नाही. ओडिशात ती बहुतांशी किनाऱ्यावरच्या मच्छीमार तरुणांची आहे. त्यांचे नाव बातमीत येत नाही. ते कसे मोजू लागले, हा सागरी संरक्षणाच्या भारतीय इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

या किनाऱ्यावरची पहिली मोजणी विज्ञानासाठी नव्हतीच. ती महसुलासाठी होती. ऋषिकुल्येच्या बरेच उत्तरेला, आजच्या केंद्रापडा जिल्ह्यात, गहिरमाथा हा विणीचा दुसरा मोठा किनारा आहे. तो पूर्वी कनिका जमीनदारीत मोडत असे. तिथे कासवांची अंडी गोळा करणाऱ्यांकडून ‘अंडाकर’ वसूल केला जाई. स्वातंत्र्यानंतरही अंडी नेण्याचे परवाने दिले जात आणि होड्या भरभरून अंडी कोलकात्याच्या बाजारात जात. म्हणजे कासवे कधी येतात, कुठे येतात, साधारण किती येतात, याची माहिती होती, व्यवहारही होता. तरीही ग्रंथांत गहिरमाथ्याच्या ‘शोधा’चे साल १९७४ असे दिले जाते. त्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे सल्लागार म्हणून मगरींच्या प्रकल्पासाठी आलेल्या रॉबर्ट बस्टर्ड यांनी या प्रचंड विणीची वार्ता जगाला दिली. त्यांचे काम मोलाचेच होते : अंड्यांचे परवाने थांबले, १९७५ मध्ये भितरकनिका अभयारण्य जाहीर झाले आणि १९७७ मध्ये सागरी कासवांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण ‘शोध’ हा शब्द मात्र मला खटकतो. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या कर बसत होता, ते कोणाला अज्ञात होते?

त्याच काळात दक्षिणेत वेगळेच काहीतरी सुरू होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मद्रासमध्ये रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांचे सहकारी रात्री किनाऱ्यावरून चालत कासवांची घरटी शोधू लागले. त्यांच्यातलेच एक सतीश भास्कर. १९७७ पासून पुढे त्यांनी भारताचा चार हजार किलोमीटरहून अधिक किनारा पायी पालथा घातला आणि आपल्याकडे कोणती कासवे कुठे विणतात याचा पहिला सलग नकाशा तयार केला. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपच्या सुहेली बेटांपैकी एका निर्जन बेटावर ते हिरव्या कासवांच्या अभ्यासासाठी महिनोन्‌महिने एकटे राहिले. पावसाळ्यात तिथे होडी पोहोचत नाही. त्यांनी पत्नीला लिहिलेले पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडले. ते श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडले आणि त्याने ते पुढे टपालाने धाडले. या प्रसंगाची गोष्ट नेहमी साहस म्हणून सांगितली जाते. मला त्यातला तो मच्छीमार अधिक आठवतो. भास्कर २०२३ मध्ये निवर्तले.

मद्रासच्या त्या रात्रफेऱ्या संस्थांच्या हातांतून फिरत १९८८ मध्ये विद्यार्थ्यांकडे आल्या. ‘स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्व्हेशन नेटवर्क’ या नावाने महाविद्यालयीन मुलेमुली तेव्हापासून दर हंगामात रात्री चालतात, घरटी नोंदवतात, मेलेली कासवेही नोंदवतात. कोणतेही मोठे अनुदान नसताना साडेतीन दशकांची अखंड मालिका उभी राहणे ही आपल्या देशात दुर्मीळ गोष्ट आहे. माझ्या क्षेत्रात इतकी लांब मालिका मिळवायची तर वेधशाळा लागते.

ओडिशाकडे परत येऊ. १९९४ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेचे बिवाश पांडव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋषिकुल्येची सामूहिक वीण शास्त्रीय नियतकालिकात नोंदवली. याही किनाऱ्याची माहिती तिथल्या गावांना होतीच. मात्र इथे एक फरक पडला. संशोधक येऊन मोजून निघून गेले नाहीत. पुरुणाबंध, गोखरकुडा, पोडमपेटा या गावांतील तरुण त्यांच्याबरोबर रात्री किनाऱ्यावर उभे राहू लागले. मापे घेणे, खुणेची पट्टी लावणे, अंड्यांचे तापमान, मृत कासवांची गणना हे सारे ते शिकले. संशोधकांचे प्रबंध पूर्ण झाले, तरुण मात्र किनाऱ्यावरच राहिले. पुढे त्यांनी कासव संरक्षणासाठी स्वतःची समिती स्थापन केली. पिल्ले बाहेर पडतात त्या रात्री महामार्गाच्या आणि वस्तीच्या दिव्यांकडे भरकटू नयेत, म्हणून वाळूच्या वरच्या अंगाला जाळी उभी करायची, जाळीशी अडकलेली पिल्ले टोपल्यांत भरून पाण्याकडे न्यायची, हा दरवर्षीचा परिपाठ बनला. ज्या जाळ्याने मासा धरायचा त्याच जाळ्याने पिल्लू अडवायचे, ही युक्ती कोणत्याही नियमपुस्तिकेतून आलेली नाही.

इथे कायद्याची परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. गहिरमाथ्याला १९९७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र १,४३५ चौरस किलोमीटर असून त्यातला बहुतांश समुद्र आहे. ऋषिकुल्येला असा दर्जा नाही. तिथे आणि देवी नदीच्या मुखाशी, तसेच गहिरमाथ्यालगत, राज्याच्या १९८२ च्या सागरी मत्स्यव्यवसाय अधिनियमाखाली १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी सात महिन्यांची मासेमारीबंदी किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत लागू होते. म्हणजे एक किनारा अभयारण्य, दुसरा नाही. आणि ज्याला अभयारण्य म्हणत नाहीत तिथे गावकऱ्यांचा सहभाग अधिक खोल आहे.

हा योगायोग नाही, असे माझे मत आहे. गहिरमाथ्याची वाळू धूप आणि वादळांमुळे तुटत गेली. वीण आता मुख्यतः नासी या छोट्या बेटांवर होते. शेजारीच अब्दुल कलाम बेट आहे, जिथून क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात. (विणीच्या महिन्यांत त्या चाचण्या थांबवण्याचा निर्णय संरक्षण संशोधन संस्थेने घेतला होता, भौतिकशास्त्रज्ञांनी कासवांसाठी घड्याळ थांबवल्याचे हे एक विरळ उदाहरण.) त्या भागात सामान्य माणसाला प्रवेश नाही. मोजणी वनखात्याचे कर्मचारी करतात, आणि ती चोख असेलही. परंतु विज्ञानात एकाच निरीक्षकाच्या नोंदीला जे स्थान असते, तेच तिला मिळू शकते. ऋषिकुल्येवर तसे नाही. तिथे वनखाते मोजते, २००८ च्या सुमारापासून भारतीय विज्ञान संस्था आणि दक्षिण फाउंडेशन यांचे संशोधक मोजतात, गावकरी दोघांबरोबर असतात आणि विद्यार्थी, छायाचित्रकार, पत्रकार बाजूला उभे असतात. आकड्यावर वाद होऊ शकतो. ज्या आकड्यावर वाद होऊ शकतो त्यावरच मी विश्वास ठेवतो.

पण हे चित्र एवढ्यावर थांबवले तर ते खोटे ठरेल. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ओडिशाच्या किनाऱ्यावर एकेका हंगामात दहा हजारांहून अधिक मृत कासवे वाहून येऊ लागली. कासव हवेत श्वास घेते. ट्रॉलरच्या ओढजाळ्यात अडकले की गुदमरून मरते. उपाय ठाऊक होता : जाळ्यात तिरकी जाळीदार चौकट बसवायची, म्हणजे कोळंबी मागे जाते आणि कासव वरच्या झडपेतून निसटते. ट्रॉलरमालकांनी तो मनापासून स्वीकारला नाही, कारण झडपेतून थोडी मासळीही निसटते. मग संरक्षणाचा भार कोणावर पडला? गस्तीची नौका येते तेव्हा वेगवान ट्रॉलर पळून जाऊ शकतो. लहान होडीचा धनी सापडतो. सात महिन्यांची बंदी सर्वांना सारखी लिहिलेली असली तरी सर्वांना सारखी लागत नाही. केंद्रापड्यातील छोट्या मच्छीमारांसाठी ‘कासव’ हा शब्द अटक, जप्ती आणि कर्ज यांच्याशी जोडला गेला. विस्थापनाशिवाय झालेले हे विस्थापन होते.

२००४ च्या सुमारास पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना आणि संवर्धक यांनी एकत्र येऊन ‘ओरिसा मरीन रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन कन्सॉर्शियम’ हे व्यासपीठ उभे केले. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक होड्यांसाठी राखून ठेवण्याचा नियम आधीपासूनच आहे. तो ट्रॉलरांकडून पाळून घेतला, तर कासवही वाचेल आणि छोटा मच्छीमारही. शत्रू म्हणून नोंदवलेला माणूस इथे प्रथमच साक्षीदार म्हणून पुढे आला. हे व्यासपीठ फार मोठे यश मिळवू शकले, असे म्हणता येणार नाही. पण कोणत्या होडीने काय केले, कुठे ट्रॉलर आत घुसले, ही माहिती ज्यांच्याजवळ असते त्यांना टेबलाशी बसवल्याशिवाय समुद्रावर देखरेख होत नाही, हे त्यातून कागदावर आले.

‘देखरेख’ या शब्दात दोन अर्थ मिसळलेले आहेत आणि सरकारी भाषेत ते सोयीने मिसळलेले राहतात. एक आहे मोजणी, दुसरी आहे पाळत. पहिलीत गावकरी निरीक्षक असतो; दुसरीत तो एक तर पहारेकरी असतो किंवा संशयित. तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर २००२ पासून काम करणाऱ्या ‘ट्री फाउंडेशन’ने मच्छीमार तरुणांची कासव-रक्षक पथके उभी केली, लक्षद्वीपमध्ये गळ-काठीने ट्यूना धरणाऱ्या मच्छीमारांनी दक्षिण फाउंडेशनच्या सहकार्याने आपल्या मासळीची, आमिषाच्या लहान माशांची आणि इंधनाची रोजची नोंद वह्यांत ठेवली. या दुसऱ्या प्रयोगाचे मला विशेष वाटते, कारण तिथे प्रश्न मच्छीमारांचाच होता. आमिषाचे मासे खाजणातून मिळतात. ते कमी झाले तर ट्यूनाची होडी निघू शकत नाही. वही भरणाऱ्याला वहीचे उत्तर हवे होते. ओडिशात मात्र हंगामी रोजंदारीवर रात्र काढणाऱ्या तरुणाला त्याच्या नोंदीचे पुढे काय झाले हे कळेलच असे नाही. शास्त्रीय लेखांत तो बहुधा आभाराच्या परिच्छेदात ‘स्थानिक साहाय्यक’ म्हणून येतो. आमच्या प्रयोगशाळांत उपकरण चालवणाऱ्याचे नाव लेखकांत असावे की नसावे यावर तावातावाने वाद होतात. किनाऱ्यावर तो वाद अजून नीट सुरूच झालेला नाही.

आणि इथे पोडमपेटा गावाची गोष्ट सांगायला हवी. ऋषिकुल्येच्या कासवांची राखण करणाऱ्या गावांपैकी हे एक. गेल्या दोन दशकांत समुद्राने त्याची घरे एकामागून एक गिळली; ओसाड भिंती किनाऱ्यावर उरल्या आणि लोकांना आत, दुसऱ्या वसाहतीत जावे लागले. वाळूच्या ज्या हालचालीमुळे कासवांचा किनारा दरवर्षी जागा बदलतो, तिचीच ही दुसरी बाजू. वाळूचे तापमान वाढले की पिल्लांत माद्यांचे प्रमाण वाढते, म्हणून संशोधक वाळूत तापमापके पुरतात. गाव मात्र कोणत्याच आलेखात नाही.

ही नोंद कशासाठी ठेवायची, याचे उत्तर जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईने दिले. त्या महिन्यात तिथल्या आणि लगतच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक मृत ऑलिव्ह रिडले वाहून आली. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. ‘दरवर्षी थोडी मरतातच’ असे म्हणून प्रकरण मिटले नाही, कारण दरवर्षी किती मरतात हे रात्री चालणाऱ्यांच्या वह्यांत लिहिलेले होते. पायाभूत नोंद नसती तर हजार हा आकडा मोठा की लहान हेही सांगता आले नसते. याच्या उलट उदाहरण ग्रेट निकोबारचे. तिथल्या गलाथिया उपसागराला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. चामडी पाठीच्या महाकाय लेदरबॅक कासवांचे ते भारतातील एक प्रमुख विणीचे स्थान. २०२१ मध्ये बंदर प्रकल्पासाठी तो दर्जा काढून घेण्यात आला. कागदाने दिलेले संरक्षण कागदाने परत घेता येते. अंदमान-निकोबारमध्ये लेदरबॅकची वीण वर्षानुवर्षे नोंदवण्यात करेन समाजातील क्षेत्र-कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा आहे. लिटल अंदमानवर उपग्रह-खूण लावलेल्या माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेल्या आणि काही आफ्रिकेच्या. त्यांच्या पाठीवर ते यंत्र बसवताना कासवाला धरून ठेवणारे हात कोणाचे होते, हे त्या नकाशावर दिसत नाही.

ऋषिकुल्येवर २०२३ मध्ये सहा लाखांहून अधिक माद्या आल्या. २०२४ मध्ये सामूहिक वीण झालीच नाही. २०२५ मध्ये पुन्हा जवळपास सात लाख. या तीन आकड्यांतून कल काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी थांबवीन. मधले शून्य ‘कासवे संपली’ असे सांगत नाही, आणि शेवटचे सात लाख ‘कासवे वाढली’ असेही नाही. मादी दरवर्षी विणत नाही, आणि विणायला नेहमी त्याच किनाऱ्यावर येते असेही नाही. सत्तरच्या दशकातले गहिरमाथ्याचे अंदाज तर वेगळ्याच पद्धतींनी काढलेले, त्यांची आजच्याशी तुलना करता येत नाही. एकाच पद्धतीने, एकाच किनाऱ्यावर, दोन-तीन दशके मोजत राहावे लागते. संशोधकाचा प्रकल्प तीन ते पाच वर्षांचा असतो.

मादी किनारा बदलते, याचा पुरावा आपल्या कोकणातच मिळाला. १८ मार्च २०२१ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या चमूने ओडिशात एका मादीच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायांना ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. २७ जानेवारी २०२५ च्या रात्री ती रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावर विणणारी मादी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर विणते, हे तोवर कोणी दाखवून दिलेले नव्हते. याआधी गुहागरहून उपग्रह-खूण लावून सोडलेली ‘बागेश्री’ बंगालच्या उपसागरात गेली होती, तेव्हा शंका आली होती एवढेच. कोकणात २००२ मध्ये वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली नसती आणि त्यातून गावोगावचे ‘कासवमित्र’ तयार झाले नसते, तर त्या रात्री गुहागरच्या किनाऱ्यावर पट्टी पाहायला कोणी असते का, याची मला शंका आहे. ०३२३३ ने तिथे १२० अंडी घातली. त्यांतून १०७ पिल्ले बाहेर पडली आणि समुद्रात गेली.